हातानं एक सांगितलं, तोंडानं दुसरं

मी, खेमसिंग रामधन राठोड, वय बहात्तर, निवृत्त कापूस ग्रेडर, राहणार पळसतांडा, तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नी सोनीबाई हिने तसा दाखला द्यायला नकार दिला, तेही नमूद करतो.

१. राहतं घर व बँकेतली ठेव सोनीबाईच्या हयातीत तिचीच. तिच्यानंतर मुलगा राजकुमार व मुलगी वर्षा यांना समान. माझ्या खुर्चीचा ताबा सोनीबाईनं आधीच घेतलेला असल्यामुळे खुर्चीचा वेगळा उल्लेख करत नाही.

२. कापसाचा ओलावा मोजायचं यंत्र वर्षाला. पोरगी मनानं फार चांगली, पण भरून आलं की लगेच होकार देऊन बसते. यंत्राचा काटा स्थिर होईपर्यंत थांबावंच लागतं. तेवढं थांबायला शिकली तरी पुरे. राजकुमारला माझी सायकल. तो वांगीसुद्धा मोबाईलवर चौकशी करून घेतो. सायकलवर चौकशी चालत नाही, तोल अंगालाच कळतो.

३. शेजारी उकंडा सहा वर्षांपूर्वी माझी शिडी घेऊन गेला. ती त्याला दिली असं समजावं. राग गिळून देत आहे, खुशीनं नव्हे.

४. बहीण रुपीबाई लखन चव्हाण, तालुका राळेगाव, हिला नाल्याकाठचा एक एकर, विहिरीच्या पाण्यासह. याचं कारण लिहिणं भाग आहे.

एकतीस वर्षं जिनिंगमध्ये मी गाडीतल्या कापसात हात घालून दर्जा सांगितला. चिमूटभर ओढला की धागा किती लांब, आत पत्ती म्हणजे वाळक्या पानांचा कचरा किती, ते डोक्याच्या आधी बोटांना कळायचं. तेरा वर्षांपूर्वी रुपीची गाडी आली. हात म्हणाला, पहिला दर्जा. छाती तर गाडी दिसताच तसं म्हणून मोकळी झाली होती. तेवढ्यात डोकं म्हणालं, लोक काय म्हणतील, बहिणीचा माल आहे. मी "दुसरा" म्हणालो. त्याला मी पुढे कितीतरी वर्षं निःपक्षपातीपणा म्हणत राहिलो. खरं तर मी घाबरलो होतो.

आम्ही बहीणभाऊ घरी गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो. त्या दिवशी मात्र सगळ्या रांगेला कळावं म्हणून रुपी मुद्दाम मराठीत बोलली, "ग्रेडरसाहेब, तुमच्या हातानं येक सांगतलं अन् तोंडानं दुसरं. म्या पाह्यलं." तेव्हापासून ती तांड्यावर आलेली नाही. तेरा होळ्या तिच्या गाण्याशिवाय गेल्या. मला तिची फार आठवण येते. म्हणून हा एकर, आणि सोबत माझ्या दिवसकार्यात सर्वांसमोर वाचायचं माफीपत्र.

५. वरील कलम सोनीबाईनं वाचलं. म्हणाली, "मेल्यावर माफी मांगता? मंग रुपी शिव्या कोणाले देईन?" सबब माफीपत्र रद्द.

६. मंगळवारी मी राळेगावला निघालो. एसटीत डोक्यानं माफीचे मुद्दे क्रमानं लावून दिले. पोट म्हणत होतं, यवतमाळला उतर, भजी खा आणि परत चल. हात तेवढा गप्प होता, शेवटी त्यानंच रुपीच्या दाराची कडी वाजवली.

तिनं पाणी दिलं. ओसरीत यंदाच्या कापसाचा ढीग होता. त्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "सांगा."

मी हात घातला. पत्ती होती, धागा आखूड होता. तेरा वर्षांनी भेटलेल्या बहिणीला "पहिला" म्हणायला जीव तुटत होता. डोकंही म्हणत होतं, म्हणून टाक, काम होऊन जाईल. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. एक श्वास घेतला. मग म्हणालो, "दुसरा आहे, रुपी. त्या वर्षीचा पहिला होता. मी भ्यालो."

ती माझ्या हाताकडे पाहून हसली. "दुसराच हाय. मले मालूम होतं." नंतर चहा ठेवता ठेवता तिनं तेरा वर्षांच्या साठलेल्या शिव्या दिल्या, गोरमाटीत. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

७. दस्तलेखक म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्यानं साक्ष देऊ नये. रुपी म्हणाली, "मंग एकर राहू दे, भाऊ. साक्ष मीच देईन. तुह्या लिहिण्यावर कोणाची तं नजर पाहिजे." सबब तो एकर तिची मुलगी रंजिता हिच्या नावे. हे कलम रुपीनं दोनदा वाचलं आणि पदरानं चष्मा पुसला.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, हसतमुखानं सही करत आहे.

खेमसिंग रामधन राठोड (सही)
ठिकाण: आर्णी
दिनांक: २३ जानेवारी २०२६

साक्षीदार:
१. साधना वानखडे, अंगणवाडी सेविका (सही)
२. रुपीबाई लखन चव्हाण (सही). शेरा: सारं वाचलं. येत्या होळीले मी तांड्यावर येऊन राह्यली. तोवर याले मरायची परवानगी नाही.