तिठ्यावरच्या फेऱ्या

बुआ-गियाव्ह, जेरेमीच्या वर
२ मे २०१०

चि. ओदानीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येईल म्हणून वाट बघून बघून शेवटी मीच लिहायला बसले. धाकटी असलीस म्हणून किती तो भाव खायचा! पत्रं आणणारा बोटीवरचा फाबियस गावात आला की आई काठी टेकत खाली रस्त्यापर्यंत जाते, आणि तो बापडा लांबूनच रिकामे हात दाखवतो. हल्ली तर तो आमचं घर चुकवून मागच्या वाटेने जातो म्हणे.

इकडे सगळं आहे तसंच आहे, फक्त माणसं फार झालीत. भूकंपानंतर शहरातून जो तो डोंगरावर परत आलाय. ओरेलमामाकडचे सात जण आमच्याकडेच आहेत. नीरफणस कुटायला उखळ मोकळं मिळेल तर शपथ. आणि शहरात वाढलेली ती पोरं भेंडीच्या कालवणातला नीरफणसाचा गोळा चक्क चावून खातात! आई रोज ओरडते, अरे तो गिळायचा असतो, दात कसले लावता. ती पोरं हसतात आणि पुन्हा चावतात.

आता जे लिहायचं ते लिहिते. आई म्हणते, तुझ्या नादेजला पुरायचं. शाळा पडली आणि त्या पोरांना ट्रकमध्ये घालून शहराबाहेरच्या मोठ्या खड्ड्यात नेलं, एवढं तू जानेवारीत एका ओळीत कळवलंस. त्यावर आम्ही तुला एक अक्षर विचारलं नाही. पण आईचं चित्त थाऱ्यावर नाही. अकरा वर्षांची नात, तिच्यावर प्रार्थना झाल्या नाहीत, तिला पेटी नाही, थडगं नाही, मग ती आत्ता कुठे उभी असेल, असं ती मला रोज विचारते. तेव्हा नादेजच्या अंगावरचं काहीतरी पाठव. आपण पेटी करू, नऊ दिवस प्रार्थना करू, आणि शेताच्या टोकाला आबांशेजारी तिला ठेवू. आणि तूही ये. इथे तुझी खाट अजून कुणाला दिलेली नाही.

बाकी सगळे खुशाल. पत्र लिहिण्याचा आळस सोडून जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी,
एर्मितताई

पोर्तोप्रँस
१६ मे २०१०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फाबियसला उगाच नावं ठेवू नकोस, तो मला शोधत दोनदा येऊन गेला होता. फुटबॉलच्या मैदानात पंधराशे तंबू आहेत, सगळ्यांवर तीच निळी ताडपत्री. माझाही तंबू मला कधी कधी सापडत नाही.

मी बरी आहे. शेजारची व्हिएर्जेला आणि मी मिळून केळ्याचे काप तळून विकतो. ती फार बोलते, त्यामुळे मला बोलावं लागत नाही. पाऊस आला की खालून पाणी शिरतं, मग सगळे सामान डोक्यावर घेऊन उभे राहतात. तो थांबला की पुन्हा बसतात. नळाला सकाळी पाचपासून रांग असते.

पुरायचं म्हणतेस, पण काय पुरणार? त्या दिवशी घर हललं तेव्हा मी हाताला लागली ती पिशवी घेऊन पळाले. ती निघाली धुण्याची. त्यात तिचा शाळेचा ब्लाउज आहे, सोमवारचा. मंगळवारी तिने दुसरा घातला होता. तो ब्लाउज अजून धुतलेला नाही. कॉलरला एरंडेलाचा वास आहे, तिच्या केसांना लावायचे ते. तो मी देणार नाही, ताई. रिकामी पेटी पुरून कुणाचं भलं होतं? असल्या गोष्टी आईला समजावता येतात का बघ.

आणि आईला सांग की मला काही होत नाही. म्हणजे खरंच काही होत नाही. रडू येत नाही. भूक लागते, मी खाते. व्हिएर्जेला सगळ्यांना सांगते की ही बाई फार खंबीर आहे. खंबीर कसली? माझ्या आत कुणी राहत नाही असं वाटतं.

येणं जमणार नाही. कापांचा धंदा एकटीवर टाकून कसं येऊ?

आईला नमस्कार. तुझी माया आहेच, ती आहे तेवढी राहू दे.
ओदानी

बुआ-गियाव्ह
३० मे २०१०

चि. ओदानीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. शेवटचा भाग गाळला. पण ती काय वेडी आहे? मी कुठे थांबले ते तिला बरोबर कळलं आणि तिने पुन्हा वाचायला लावलं.

केळ्याचे काप! चार वर्षांची असताना सगळी कढई जाळून टाकणारी तू, आणि लोक तुझे काप विकत घेऊन खातात? त्या व्हिएर्जेलाला माझा नमस्कार सांग, तीच तळत असणार. आणि हे धंद्याचं निमित्त मला सांगू नकोस. आबा गेले तेव्हा तू नादेज पोटात असताना बोटीत उभ्याने आली होतीस. काय झालंय ते सांग. आमच्यावर राग आहे का? जानेवारीत आम्ही कुणी आलो नाही, याचा? रस्ता खचला होता, ओदानी. आणि मला भीतीही वाटली. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

आईने सुतकाचं काळं कापड आणून शिवूनही घेतलंय. गेल्या आठवड्यात ती एकटीच शेताच्या टोकाला गेली आणि आबांच्या थडग्याशेजारचं गवत हाताने उपटत बसली. मी आणायला गेले तर म्हणाली, जागा तरी तयार राहू दे, ओदानीच्या मनात येईल तेव्हा येईल. गुडघे सोलवटून घेतले होते. मी पण बसले उपटत.

ब्लाउज दिलास तर दे. नाही दिलास तर तुला कुणी काही म्हणणार नाही. पण तू ये. आई तुला एक शब्द विचारणार नाही, हा माझा शब्द.

रागावलीस तरी लिहीत जा. आमचं तुझ्यावाचून चालत नाही, एवढं ध्यानात असू दे.
ताई

पोर्तोप्रँस
१६ जून २०१०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल ब्राझील जिंकलं. मैदानात कुणीतरी जनरेटर लावून टीव्ही आणला होता. निम्मे तंबू ब्राझीलचे, निम्मे अर्जेंटिनाचे, झेंडेसुद्धा तसेच. व्हिएर्जेला इतकी नाचली की तिची चप्पल तुटली. मी काप तळत होते. लोकांनी फार घेतले.

तुम्हा कुणावर माझा राग नाही. तू विचारलंस म्हणून लिहिते, आईला वाचून दाखवायचं की नाही ते तुझं तू बघ.

शाळा मंगळवारी पडली. मंगळवार, बुधवार आम्ही सगळ्या आया हाताने दगड काढत होतो. गुरुवारी तिथून उठून मी पाण्याला गेले. दोन दिवस पाणी नव्हतं. रांगेत माझ्यापुढे चार जणी राहिल्या होत्या. तेव्हा शाळेच्या रस्त्यावरून ट्रक आला. तो कशाचा आहे ते सगळ्यांना माहीत होतं. मागच्या फळीतून निळे स्कर्ट दिसत होते, त्यांच्या शाळेचे. मी बघितलं. मला वाटलं की यात असेल. आणि मी नंबर सोडला नाही, ताई. ट्रक गेला, माझा नंबर आला, मी बादली भरली. शाळेकडे परत आले तर आम्ही दगड काढत होतो तो कोपरा मोकळा केलेला होता.

पळाले असते तर ट्रक थांबला असता की नाही, माहीत नाही. पण मी पळाले नाही. आई एक शब्द विचारणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मला येता येत नाही.

ब्लाउज फाबियसच्या हाती पाठवते आहे. दोन पिशव्यांत बांधलाय, त्याने उघडलेला नसला म्हणजे झालं. आईला धुवू देऊ नकोस. ती धुणारच, तिला मी ओळखते. तू मध्ये पड. इस्त्रीही नको.

देऊन टाकला तेव्हाही काही वाटलं नाही. तुझ्या मनात माझ्याबद्दल जे काही उरेल ते कळव.
ओदानी

बुआ-गियाव्ह
१२ जुलै २०१०

चि. ओदानीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं सगळं पत्र आईला वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, की तहानेने माझी पोरगी मेली असती तर मला दोघींना पुरावं लागलं असतं. एवढंच बोलून ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. माझ्या मनात काय उरलंय म्हणून विचारतेस? थोबाडीत देईन एक. सगळंच्या सगळं उरलंय.

ब्लाउज धुतला नाही. भांडण झालं, पण नाही धुतला. नऊ दिवस प्रार्थना झाल्या, आणि शनिवारी नादेजला ठेवलं.

पेटी छान झाली होती, आतून पांढरं अस्तर. पण त्यात एक ब्लाउज, बाकी काय! चार जणांनी उचलली आणि वजन नाही म्हणून पहिल्याच पावलाला चौघेही अडखळले. कुणी हसलं नाही. चर्चमधून निघून तिठ्यावर आलो, आणि तिथे व्हायचं ते झालं. पुढे सेन-फ्लेरकाका होता. जन्मभर माणसं पोचवलेला तो, वर सकाळपासून उसाची कच्ची दारू घेतलेली. तिठा आला तशी त्याने सवयीने पेटी गरागरा फिरवायला घेतली, बाकीचेही फिरले. मेलेला परत येऊ नये म्हणून त्याला घरची वाट चुकवायची, ती रीतच आहे, माझ्याही काही ध्यानात आलं नाही.

आई किंचाळली. ओदानी, आबा गेले तेव्हाही मी तिचा तसला आवाज ऐकला नव्हता. काठी टाकून ती पेटीला लोंबकळलीच. म्हणाली, अरे मेल्यांनो, आपण हिला घालवायला नाही, आणायला निघालोय! पोर एकदाच इथे आली होती, तीही कुणाच्या तरी खांद्यावर बसून, आधीच तिला वाट ठाऊक नाही आणि तुम्ही तिला चुकवताय? सगळे जागच्या जागी उभे. मग तिनेच फर्मावलं, की जेवढं फिरवलंत तेवढं उलटं फिरवा.

आता फेऱ्या किती झाल्या त्यावर वाद! सेन-फ्लेरकाका म्हणे तीन. मागचे दोघे शपथा घेऊन म्हणे चार. भर तिठ्यात पेटी खांद्यावर घेऊन भांडायला लागले. शेवटी आईने तीनवर तोडलं, आणि त्यांनी अगदी सावकाश, बाळाला झोके द्यावेत तशा तीन उलट फेऱ्या घेतल्या. आई प्रत्येक फेरी मोठ्याने मोजत होती. तिसरी झाल्यावर सरळ शेताकडे. त्या वेळी मी रडले, माझ्या आणि तुझ्या वाटचंही.

आता आई शांत आहे. काल जेवलीही पोटभर. तू कधी यायचं ते तुझं तू ठरव, मी पुन्हा विचारणार नाही.

उन्हात फार उभी राहू नकोस. आम्ही सगळे तुझेच आहोत.
ताई

पोर्तोप्रँस
२० जुलै २०१०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल दुपारी मिळालं. कढईशी उभी राहूनच वाचलं, काप जळले. व्हिएर्जेलाला वाटलं मला आकडी आली. मी खाली बसले होते आणि माझ्या तोंडातून कसला आवाज येत होता ते मला कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

मागचे दोघे चार म्हणत होते ना? सेन-फ्लेरकाका प्यायलेला होता. त्याचं कसं ऐकलंत? मागे चालणाऱ्याला नीट कळतं. चार झाल्या असतील आणि तुम्ही तीनच सोडवल्या असतील तर एक राहिली, ताई. मग ती तिठ्यापर्यंत येऊन तिथेच उभी असेल.

शुक्रवारच्या बोटीने निघते आहे. मला घ्यायला बंदरावर कुणी येऊ नका. तिठ्यावर या.
ओदानी