चारचा फोन

मांजरी,
१९ एप्रिल २०२३

चि. शालूस, मैनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनच केला असता, पण इथे प्रत्येक फोनला तुझ्या आप्पांचे कान लागलेले असतात. शिवाय शाळेच्या आधी तुला पाटीवर अक्षरं मी गिरवायला लावली. ती सवय मोडायला नको.

तुझ्या दादाचा, जयसिंगचा, चारचा फोन गेला महिनाभर एका मिनिटाने चुकत नाही. आवाज स्वच्छ, आजाराआधी होता तसा. आप्पा मिशीत हसतात. पण सोमवारी मी सांगितलं की आपली कपिला गाय गेली, तर म्हणाला, वा, छान झालं. वाटलं, ऐकू आलं नसेल.

आज मात्र अंगावर काटा आला. मी बरा आहे, आत्ताच जेवलो, असं तो सांगत होता आणि त्याच वेळी मागून, विहिरीच्या तळातून यावं तसं, कोणीतरी मला हाक मारत होतं. शब्द नाही, नुसता आ, आ. घरात कोण कण्हतंय, असं मी विचारलं. क्षणभर थांबून म्हणाला, वा, छान झालं.

तुम्हा भावंडांशिवाय त्या घरात कोण राहतं? खरं ते कळव. उन्हात डोक्याला रुमाल बांध आणि या म्हातारीला अंधारात ठेवू नकोस.

मैनाआत्या


कर्वेनगर,
२४ एप्रिल २०२३

ती. मैनाआत्यास, शालूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. हाक मारणारा दादाच होता. फोनवर बोलणारा दादा नव्हता.

आप्पांची अट तुला ठाऊक आहे. दादाने रोज चारला स्वतः फोन करायचा. चुकला की गाडी पाठवून त्याला मांजरीला न्यायचं. तिकडे आपलं घरबसल्या चालणारं संगणकाचं काम सुटेल आणि आपण खाटेचेच होऊ, ही त्याला धास्ती. पण मल्टिपल स्क्लेरोसिसला उकाडा सोसत नाही. बर्फाच्या कप्प्यांचं जाकीट घातलं तरी दुपारी त्याची जीभ जड होते. दिवे-पंखे बोलून चालवायचा डबा सकाळी त्याचं ऐकतो आणि दुपारी म्हणतो, समजलं नाही.

म्हणून एका सकाळी त्याने फोनमध्ये थोडी वाक्यं बोलून ठेवली. चारला फोन आपोआप लागायचा. तू बोलायची थांबलीस की पुढचं वाक्य सुटायचं. तू काय बोलशील ते मीच तुझी नक्कल करून तपासलं. ऊस, पाणी, लग्नं, सगळं धरलं. वाईट बातमी धरलीच नाही, कारण फोनवर तू ती कधी देत नाहीस.

बुधवारी मी ऑफिसात असताना दादा दोनला बाथरूममध्ये पडला. फोन बाहेर टेबलावर होता. चारला त्याने स्वतःचा आवाज ऐकला, तुझाही ऐकला, आणि ओरडत राहिला. सहाला मी आले तेव्हा अडखळत म्हणाला, तो बरा आहे, त्यालाच ठेव.

हाड मोडलं नाही. त्याच दिवशी ती वाक्यं मी माझ्या हाताने पुसली. आप्पांना फोन बिघडल्याचं कळवलं, तेही खोटंच. आता तू म्हणशील तसं. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी शालू


मांजरी,
३० एप्रिल २०२३

चि. शालू व चि. जयसिंग यांस आशीर्वाद.

माझ्या निरोपाप्रमाणे काल जयसिंगने आपल्या जिभेने फोन केला. आधी नुसता श्वास, मग अर्धं आत्या. कपिलेचं पुन्हा सांगितलं, तर रडला. आप्पांनी फोन घेतला, एक शब्द कळेना म्हणून घाबरले आणि गाडी काढायला निघाले. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. वर म्हटलं, महिनाभर सगळं कळत होतं, तेव्हा जायला हवं होतं. आज फोनवर पोरगा स्वतः आहे. मग आप्पांनी गाडीची किल्ली परत खुंटीला लावली. जयसिंग तिथेच राहील. बाथरूमला आधाराचे दांडे मात्र याच आठवड्यात बसवून घे.

तुझ्यावर रागावले आहे, ते भेटल्यावर. माया होती तेवढीच घट्ट आहे.

मैनाआत्या

ता. क. एक विचारायचं राहिलं. काल फोन परत माझ्या हाती आला आणि जयसिंगचं बोलणं संपलं, तेव्हा त्याच्या मागून कोणीतरी अगदी स्वच्छ म्हणालं, मी बरा आहे, आत्ताच जेवलो. ती वाक्यं तू पुसलीस ना? मी काही बोलले नाही. पलीकडे तो आवाजही थांबला होता, माझं बोलणं संपायची वाट बघत.