मात्रा निम्मी करा

सोमवार, ४ मार्च

दहा नाही. पाच!

कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून तुला सांगतेय. दार लावून घेतलंय. अक्षर बघ कसं आलंय, जणू दुसऱ्याच कुणाचं.

दुपारी प्रेसमध्ये फोन आला, इस्पितळाच्या बालविभागातल्या डॉक्टरबाईंचा. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या आयांसाठी आम्ही त्यांची पुस्तिका छापली होती, दोन महिने झाले असतील. आता दुसरी आवृत्ती काढायची म्हणतात. "बारीकसारीक बदल आहेत, पाठवते. आणि झटक्यांच्या औषधाचे थेंब पाच केलेत ना हो? मी प्रुफावर लिहिलं होतं."

मी म्हटलं, "हो हो." सवयीनं! एकोणीस वर्षं प्रुफं वाचतेय, 'हो हो' म्हणायची जिभेला सवयच झालीय.

फोन ठेवला आणि पुस्तिका उघडली. पान अकरा. 'सकाळ-संध्याकाळ दहा थेंब.'

जुनं प्रूफ कपाटातून काढलं. समासात डॉक्टरबाईंचं हिरव्या शाईतलं अक्षर — 'मात्रा दुप्पट झाली आहे. निम्मी करा.' आणि त्या ओळीत ऑपरेटरनं काय टाइप केलं होतं? 'दहा थैंब'. थ वर दोन मात्रा! मी त्यातली एक उडवली. 'थैंब'चं 'थेंब' केलं, खूण केली, पान उलटलं. मनात हसलेही होते, नीट आठवतंय. एवढ्या मोठ्या डॉक्टर, आणि शुद्धलेखनाकडे केवढं लक्ष!

त्यांची मात्रा म्हणजे औषध. माझी मात्रा म्हणजे अक्षरावरची तिरकी रेघ.

चारशे प्रती वाटल्या गेल्यात.

आमची मुंगीही, भावाची लेक, त्याच इस्पितळातली. सात आठवडे आधी झाली, घरी येऊन बारा दिवस झालेत. पण तिला फक्त कावीळ होती, भाऊच म्हणाला होता. तिला हे औषध नाही. नाहीये.


मंगळवार, ५ मार्च

मालकांना सांगितलं. आमच्या प्रेसमध्ये त्यांच्यापुढे कुणाचीच मात्रा चालत नाही, तरी गेले. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

"कुणाची तक्रार आलीय?"

"नाही."

"मग? दुसऱ्या आवृत्तीत पाच करा. विषय संपला."

"अहो, पण चारशे जणींच्या हातात—"

"चारशे बायका पुस्तिका वाचत बसत नाहीत हो. आणि ते जुनं प्रूफ माझ्याकडे आणून द्या."

घरी राहिलंय म्हटलं. खोटं! पर्समध्येच होतं. दिवसभर पर्स मांडीवर घेऊन बसले, कुणी हिसकावून नेईल अशी.

दुपारी वर्तमानपत्राची आतली पानं चाळली. काय शोधतेय ते स्वतःलाही सांगवेना. 'लहान बाळ', 'झोपेत', असे शब्द. सापडले नाहीत. आजचे सापडले नाहीत एवढंच.


बुधवार, ६ मार्च

आज कवी आले, स्वतःच्या पैशानं संग्रह काढताहेत ते. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होतेय. कानाला टोचते."

माझ्या हातातली पेन्सिलच पडली.

"अहो, घाबरता काय! एका मात्रेनं कुणी मरत नाही."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी घरी आले तर आतल्या खोलीत नवऱ्याचा गाण्याचा वर्ग चाललेला. सहा मुली टेबलावर बोटं आपटत ताल मोजताहेत. हा नेहमीसारखा ओरडतोय — "मात्रा हुकली म्हणून थांबायचं नाही! पुढे चला, समेवर या, तिथे गाठा!"

मुली गेल्यावर त्याला सगळं सांगितलं. प्रूफ दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना खाली बसला.

"उद्या डॉक्टरबाईंकडे जाऊ. मी येतो बरोबर."

"नोकरी जाईल."

"हं."

"नुसतं हं काय? आणि पोलीस आले तर? एखादं बाळ खरंच… तूच म्हणतोस ना, थांबायचं नाही, पुढे चला!"

"ते माझ्या वर्गात गं," म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

मी म्हटलं, परवा जाऊ. उद्या नको. एक दिवस दे मला.

का मागितला मी तो एक दिवस?


गुरुवार, ७ मार्च

प्रेसमध्ये बसवेना. भावाकडे गेले. म्हटलं मुंगीला मांडीवर घ्यावं, जरा बरं वाटेल.

मुंगी झोपलेली. भावजय कौतुकानं सांगत होती — "इतकी गुणी आहे ना, ताई! रडतच नाही. दुधालासुद्धा उठवावं लागतं. दोन घोट घेते की पुन्हा झोप." गेल्या रविवारी मीच म्हणाले होते, किती शांत गं लेक तुझी, आमच्या घराण्यातली वाटतच नाही! सगळे हसले होते.

फडताळावर दुधाच्या बाटल्यांमागे एक छोटी तपकिरी बाटली. रबरी टोपीची.

"हे काय?"

ती दुधाच्या बाटल्या सरळ करायला लागली. मग म्हणाली, "इस्पितळात असताना एकदा झटका आला होता तिला. तुम्हाला, आईंना उगाच घोर लागेल म्हणून नाही बोललो आम्ही. आता ठीक आहे ती."

"किती देतेस?"

"दहा. सकाळ-संध्याकाळ."

मी मुंगीला उचललं. तिचा हात खाली लोंबला. तळपायावर टिचकी मारली, एकदा, दोनदा, तीनदा. ओठ जरासे हलले, बस्स.

"चल."

"कुठे?"

"चप्पल घाल. चल!"

गाडीत भावजय विचारत राहिली, काय झालं, ताई, सांगा ना काय झालं. मी बाळाच्या छातीवर हात ठेवून मोजत होते. एक श्वास. एक. मधली जागा केवढी मोठी! मग एक.


शुक्रवार, ८ मार्च

दाखल करून घेतलंय. रक्तात औषध फार वाढलंय. थेंब बंद केलेत, नळीनं दूध देताहेत. "चोवीस तास बघू," एवढंच म्हणतात. काचेतून बघायचं फक्त. तिच्या पायाला वायर लावलीय, पायापेक्षा जाड दिसते.

डॉक्टरबाईंना व्हरांड्यात गाठलं. पर्समधून प्रूफ काढून हातात दिलं. नवरा माझ्या मागे उभा होता.

त्यांनी वाचलं. 'थैंब'वरची माझी काट बघितली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अक्षर माझंच आहे," म्हणाल्या. "आकडा का नाही लिहिला मी? 'पाच करा' लिहायला किती वेळ लागतो?"

मग एकदम ताठ झाल्या. "हे औषध घेऊन घरी गेलेली किती बाळं आहेत ते काढते. उद्या सकाळी आठला या. नंबर वाचून दाखवायला कुणीतरी लागेल."


शनिवार, ९ मार्च

त्रेसष्ट.

मी नावं आणि नंबर वाचत होते, मोठ्या सिस्टर फोन लावत होत्या. मोठ्या सिस्टर म्हणजे बालविभागातल्या सगळ्यात जुन्या, आवाज खणखणीत. प्रत्येक वेळी त्याच प्रश्नाला मी यादीतल्या नावावर बोट दाबून धरायचे — "थेंब किती देतेस गं?"

पाच. पाच. पाच. "पाचच, तुम्ही सांगितलेत ना!" एकीनं फोन उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले. चौथ्यांदा उचलला, कपडे वाळत घालत होती म्हणे. पाच.

पुस्तिकेचं विचारलं तर कुणी म्हणे हरवली, कुणी म्हणे चष्मा नाही. एकीकडे खिडकी वाजू नये म्हणून फटीत कोंबलीय!

त्रेसष्टपैकी बासष्ट बाळं बरी. पाच थेंबांवर.

सिस्टर म्हणाल्या, "घरी सोडताना प्रत्येकीला मी तोंडी सांगते. हात असा वर करून दाखवते, पाची बोटं. तिच्याकडून वदवून घेते, मगच कागदावर सही."

मी विचारलं, "आमच्या भावजयीला सांगायचं राहिलं असेल का?"

त्यांचा चेहरा पडला. "मी एकीलाही सोडत नाही, बाई." मग यादीकडे बघत, "त्या दिवशी गर्दी होती खरी…"

म्हणजे आता त्याही घाबरल्या. भीती जाईना, नुसती एकीकडून दुसरीकडे सरकली.


रविवार, १० मार्च

भावाला सांगितलं. सगळं. प्रुफापासून.

तो ऐकत होता, हातात मुंगीचं टोपडं. शेवटी म्हणाला, "तू जा आता, ताई."

मी गेले नाही. जिन्यात बसून राहिले.


सोमवार, ११ मार्च

मालक म्हणाले, घरी बसा. इस्पितळाचं काम हातचं गेलं ते माझ्यामुळे. टेबलाचा खण रिकामा केला. ऑपरेटर बिचारा रडत होता, "बाई, 'दहा' मीच मारलं होतं हो, मूळ कागदावर पाचच असणार."

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला आता एकाच दाराची भीती वाटते, काचेच्या.


मंगळवार, १२ मार्च

रडली!

सकाळी साडेदहाला. आधी मांजराच्या पिल्लासारखं, मग काय आवाज लावला! सगळा व्हरांडा दणाणला. तीन आया आपापली बाळं घेऊन बघायला आल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता भूक लागलीय तिला, आईकडे द्या. भावजय धावत आत गेली, एक चप्पल बाहेरच राहिली.

भाऊ येऊन माझ्याशेजारी बसला. हातातला चहाचा कप अर्धा पिऊन उरलेला माझ्यापुढे धरला. गार झालेला. प्यायले.


गुरुवार, १४ मार्च

मुंगी घरी आली. खोलीत आम्ही दोघीच होतो. भावजयीला विचारलं, सिस्टर तुला सांगायच्या विसरल्या होत्या का गं?

"नाही हो, ताई. पाचच सांगितले होते. हात वर करून दाखवले, माझ्याकडून वदवूनही घेतलं." ती मुंगीचं अंग पुसत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "पण घरी येऊन बघते तर पुस्तिकेत दहा. मी ह्यांना म्हटलं, सिस्टरांचंच चुकलं असेल. पुस्तिका ताईंनी वाचलेली आहे."