सरळ न होणारा गुडघा

४ नोव्हें., आंजी
गुडघा पुन्हा सुजला. काल वर्ध्याहून येताना एसटीतून उतरले आणि मुरगळला, एवढंच. आत रक्त साचलं असणार. नेहमीचं.
जन्मापासूनचा हा उजवा पाय. मांडीपासून घोट्यापर्यंत लाल डाग, फुगलेल्या शिरा, डाव्यापेक्षा जाड आणि लांब. डाव्या चपलेला जाड तळ लावून आजवर भागलं. आता गुडघा वाकला तो वाकलाच.
दुकानात फोन करून सांगितलं, कामावर येत नाही. चष्म्यांच्या काउंटरमागे बसलं की पाय कुणाला दिसत नाही. घरी सगळ्यांना दिसतो.

७ नोव्हें.
आईसोबत वर्धा. हाडांचे डॉ. लहानपणापासूनचे, खोटं बोलत नाहीत. "प्रज्ञा, दर वेळी रक्त उतरून सांधा आतून खराब झाला. ऑपरेशनने सरळ केला तरी पुन्हा वाकेल."
कधीपासून मनात होतं ते विचारलं. "पायच कापला तर?"
म्हणाले, तोही मार्ग आहे. नकली पायावर चालता येतं.
ऑटोत आई माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत बसली.

८ नोव्हें.
आज बोलली. "तेल लावू लावू वाढवला म्या तो पाय. अन तू काप म्हनतं?"
मी पण बोलले. "तुले पाय पाह्यजे का मी चालाले पाह्यजे?"
जेवली नाही. बाबा कापूस वेचणाऱ्या बायांमागे वावरात निघून गेले. त्यांना असं काही ऐकवत नाही.

१३ नोव्हें.
ताप. पाय गरम, टेकवतच नाही. न्हाणीपर्यंत बसून सरकत गेले. घरात कुणी नाही असं वाटलं होतं. वळून पाहिलं तर आई दारात.
पाणी घेऊन आली, पाय धुतला. मग, "एवढं दुखून राह्यलं होतं तं काऊन नाई सांगतलं?"
"सांगून काय केलं असतं?"
"काई नाई. मले मालूम तं असतं."
टॉवेलने पुसत होती. खाली बघूनच म्हणाली, "डॉक्टरले विचार, केव्हा करतेत."
रडू यायला हवं होतं. आलं नाही.

२१ नोव्हें.
एमआरआय दाखवला. डॉ. बराच वेळ फिल्म उजेडात धरून बसले.
शिरांचं जाळं कमरेपर्यंत गेलंय, पोटातही. जिथून कापायचं तिथेच सगळ्यात दाट. "रक्त सुरू झालं तर मला थांबवता येईल का, सांगू शकत नाही. नागपूरला शिरांच्या सर्जनला दाखव. तेही नाही म्हणू शकतात."
मी मनाने पाय देऊन मोकळी झाले होते. तो जातही नाही.
जिवाचा धोका किती, ते आईने विचारलं. मी नाही.

२३ नोव्हें.
दुकानमालकाचा फोन. दुसरी मुलगी ठेवतोय, "तुझी तब्येत बरी होईपर्यंत." हो म्हटलं. अजून काय म्हणणार.
बाबा खाटेच्या कडेला बसून राहिले. पायाकडे बघत नव्हते. "दोघंही येतो नागपूरले," एवढंच.

२५ नोव्हें.
उद्या नागपूर. आईने डबा भरला, माझा कुर्ता इस्त्री केला. मग जवळ येऊन विचारलं, "त्यायनं करतो म्हटलं, तं तू काय म्हनशील?"
महिनाभरापूर्वी लगेच हो म्हटलं असतं.
आई वाट पाहत उभी होती. मी पायावर चादर ओढली आणि म्हटलं, "मले अजून मालूम नाई."