काचेतली कृष्णा

६ जानेवारी १९४७, सांगली
बोलून बसले. मोठ्या बाई म्हणाल्या, फेब्रुवारीत इन्स्पेक्शन आहे, साहेब शास्त्राचा वर्ग बघतील, त्यावर तुमचं कायम व्हायचं की नाही ते ठरेल. आणि मी काय म्हणावं? ‘वर्गात नदी करून दाखवते.’ काचेच्या पेटीत, जिवंत, वाळू-गोट्यांसकट. बाई चष्म्यावरून बघतच राहिल्या. जिभेला हाड नाही माझ्या.

दादाचं पत्र वडूजहून. एकटी बाईमाणूस, नोकरी तात्पुरती, भावकी विचारते. शिवरात्रीपर्यंत कायम झालीस तर राहा, नाहीतर मी न्यायला येतो, वहिनीला हाताशी कुणीतरी हवंच आहे. दादा वाईट नाही. हे गेल्यावर ट्रेनिंगला त्यानंच घातलं मला. वाईट असता तर भांडले तरी असते. पण त्या चुलीपुढं एकदा बसले की मी संपले.

११ जानेवारी
पेटी झाली. इस्माईलचाचा, पेठेतले ट्रंकावाले. लोखंडी सांगाडा, जुन्या कपाटाच्या काचा. सांध्यात शेंदूर आणि जवसाचं तेल मळून भरलं. देवाचा शेंदूर तो हाच का, विचारलं. ‘त्योच. आठ दिस पानी भरा, रोज वतून टाका. मग मासं सोडा.’ एक कोपरा गळतोय. परत गेले. परत दाबून दिला. परत गळतोय. डोकं दुखतंय.

१९ जानेवारी
गळणं थांबलं. रविवार, म्हणून गंगूमावशीला घेऊन नदीवर. शाळेची शिपाईण, पण जात भोयाची, जन्म पाण्यात गेलेला. घाटाजवळची वाळू घेऊ देईना. ‘तितं राख असती, गुलाल असतो. वर चला.’ वरच्या अंगाला धारेतली वाळू, लहानमोठे गोटे, पाण्यातलं लांब पात्याचं गवत मुळांसकट. बोटभर चंदेरी मासे अकरा, तिनं पदरात धरले. शाळेत आणून वाळू पाच पाण्यांनी धुतली. मला म्हणाली, उतार एकीकडं ठेवा, मोठं गोटं मागं, धारंला आडवं.

ती कुलूप बघायला गेली आणि मी बागेतलं दोन घमेली शेणखत तळाला पसरलं. वर वाळू, मग गवत. खताशिवाय रोप लावायला आम्हा वडूजच्या माणसांचा हातच धजत नाही. आबा मिरचीच्या रोपाखालीसुद्धा मूठभर टाकायचे. गंगूमावशीला सांगितलं नाही. कशाला, उगीच वाद.

२३ जानेवारी
फार सुंदर दिसतंय. खरंच. दुपारी ऊन तिरपं आलं की गवताच्या सावल्या गोट्यांवर हलतात. मोठ्या बाई ‘छान’ म्हणाल्या, दोन वर्षांत पहिल्यांदा. वाळूतून बुडबुडे येतात. मुलींना सांगितलं, झाडं श्वास घेतात. मुळाशी बुडबुडे कसे, एकीनं विचारलं. पुस्तकात बघून सांगते म्हटलं. पुस्तकात नाही.

२७ जानेवारी
सोमवार. वर्ग उघडला तर वास. पाणी चहासारखं. मासे सगळे वर, तोंडं उघडी. दोन मेलेले.

मो. बाई आल्या. वाळूवर कणकेच्या दोन गोळ्या दिसल्या त्यांना. मुली घाटावर सोडतात तशा इथंही टाकत होत्या, परीक्षेत पास व्हावं म्हणून! बाई कडाडल्या. किल्ली गंगूकडं, मुलींना आत सोडते कोण? गंगूमावशी म्हणाली, दोनच गोळ्या हायती बाई, दोन गोळ्यांनी नदी नासती व्हय? त्यावर उलट बोलते म्हणून आणखी बोलणी.

मी तिथंच उभी होते. खताचं मनात आलं, सांगितलं नाही.

२९ जानेवारी
आणखी दोन गेले. सात उरले. पाणी अर्धं बदलते, संध्याकाळी पुन्हा तेच.

गंगूमावशीनं काडी घेतली, वाळूत खुपसली. मोठा बुडबुडा आला. तिनं वास घेतला, माझ्याकडं पाहिलं. ‘शेण हाय ह्यात.’ मी मान हलवली. ‘नदीला कोन खत घालतंय, बाई?’ एवढंच. गेली. मो. बाईंकडं जाईल असं वाटून दिवसभर दाराकडं कान. गेली नाही. ते जास्त लागलं मला.

३१ जानेवारी
गंगूमावशीला मो. बाईंनी सांगितलंय, फेब्रुवारीनंतर येऊ नको. मला बातमी शिपायाकडून. ती माझ्याशी बोलत नाही.

सांगायला हवं. आज दोनदा मो. बाईंच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा त्या कामात होत्या. दुसऱ्यांदा नव्हत्या. परत आले. इन्स्पेक्शन झाल्यावर सांगितलं तर? तोवर ती

नाही. काय माणूस आहे मी.

२ फेब्रुवारी
रविवार. गंगूमावशीच्या घरी जाऊन बसले. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही, मग विचारलं. म्हटलं, मी सांगणार आहे. ‘सांगा न्हाईतर नगा सांगू. मासं मरत्यात त्ये बघा आदी.’ आली. माझ्यासाठी नाही, माशांसाठी, हे रस्त्यात दोनदा ऐकवलं.

सगळी पेटी उपसली. तळाची वाळू काळी झालेली, वास नाकातून जात नाही. नवी वाळू, तेच गोटे उकळून, गवत दोऱ्यानं गोट्यांना बांधून. खत नाही. हात शिवशिवत होता तरी नाही. मग ती म्हणाली, धारंतला मासा साचल्या पाण्यात कसा ऱ्हाईल? देवळातली जुनी गळती मागून आणली, पिंडीवर टांगतात ती. पेटीवर टांगली. संततधार थेंब. दुसऱ्या अंगानं तांब्यानं पाणी काढायचं, गळतीत घालायचं, तासातासाला. गुरव म्हणाला, शिवरात्रीच्या आधी परत पाहिजे.

६ फेब्रुवारी
सातही जिवंत. थेंबाखाली येऊन उभे राहतात, तोंड धारेकडं. मुलींनी पाळ्या लावल्यात. मी अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार होते, मो. बाईंना ताप. (खरंच ताप. मी सबब शोधत नव्हते. थोडी शोधत होते.)

१२ फेब्रुवारी
इन्स्पेक्शन झालं. साहेब पेटीपुढं बराच वेळ. गळती कशाला, गवत बांधलं का, वाळूला उतार का. सगळं सांगितलं. मग म्हणाले, ‘पहिल्याच खेपेला जमलं?’ मो. बाई म्हणाल्या, हो, हो.

मी म्हटलं, ‘नाही साहेब. पहिल्यांदा मी तळाला शेणखत घातलं. चार मासे मेले. दोष गंगूबाईंवर आला, मी गप्प राहिले.’

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुष्कळ लिहिलं. मो. बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, जाताना नाही, नंतरही नाही. घरी येऊन खूप रडले. हलकंबिलकं काही वाटलं नाही. भीतीच वाटली.

१५ फेब्रुवारी
दादा सकाळच्या मोटारीनं आला. कायम झाल्याचा कागद आला का, विचारलं. नाही म्हटलं. माझी ट्रंक त्यानं खोलीत मधोमध आणून ठेवली. मग शाळेत आला, पेटीपुढं उकिडवा बसला. ‘लय झ्याक केलंस गं,’ म्हणाला. ‘खत कुटं घातलंस?’ मला हसू आलं, मग रडू.

दुपारी मो. बाईंनी बोलावलं. टेबलावर लिफाफा, संस्थानचा शिक्का, उघडलेला. म्हणाल्या, गंगूला सांगा, तिचं काम चालू राहील. मी ‘बरं’ म्हटलं. त्या लिफाफ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. ‘तुम्ही पंधरा दिवस गप्प होतात,’ म्हणाल्या. ‘हो बाई.’ मग म्हणाल्या, सोमवारी प्रार्थनेनंतर या.

गंगूमावशीला सांगितलं. लिफाफ्यात माझं काय, ते बाईंना विचारायचं धाडस झालं नाही. दादाला सोमवारपर्यंत थांब म्हटलंय.