नाश्त्याआधीची गोळी

प्रिय चांगुणा,
पहिला जयभीम तुला, दुसरा आपल्या उंबऱ्याला.

आम्ही मजेत आहोत. समुद्र चौथीच्या पुस्तकातल्या चित्रासारखा निळा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? कोपरखैरण्याला पाणी वेळेवर येते ना?

बोटीवर थोडी तापाची साथ आहे, काळजी करू नकोस. आमच्या टेबलावरचे उलव्याचे जोडपे परवापासून जेवायला आले नाही. त्यांच्या दारावर पिवळी पट्टी लावली आहे. आज अशी सात दारे झाली.

नाश्त्याला जाताना कपाळासमोर यंत्र धरून ताप बघतात. मलाही कणकण आहे, म्हणून शर्मिला आधीच गोळी देते. म्हणते, "बाबा, दोनच दिवस राहिलेत, टेन्शन नका घेऊ. कळलं तर आपल्याला खोलीत कोंडतील." आपला अंकुशही मान डोलावतो. मी मुकाट गिळतो.

पायल रोज कुशीत येऊन कविता म्हणते. पहिली ओळ आजोबाची, दुसरी नातीची. आज मी पहिली ओळ तीनदा म्हटली. पोर नुसती बघत राहिली. अंग तव्यासारखे तापले होते. मग तिच्या आईने तिलाही अर्धी गोळी मधात खलून दिली.

उद्या मी गोळी घेणार नाही. यंत्रापुढे तसाच उभा राहीन, म्हणजे डॉक्टर आमच्या खोलीत येईल. मुलगा-सून रागावतील, रागावू देत.

तू धक्क्यावर येऊ नकोस. फोन लागला तर आधी पायलला माग आणि पहिली ओळ तू म्हण. तिने दुसरी म्हटली, तर समज सगळे बरे आहे.

तुझाच,
सिताराम