पिकअपचे हेड आणि खिडकीजवळची सीट

मी, दादाजी सोमाजी वाघाडे, वय एकाहत्तर, धंदा मासेमारी व मासे वाहतूक, राहणार मौजा पिपरटोला, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता आणि आज घोटभरही न घेता हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात गडचिरोलीच्या दवाखान्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, मामुली काम आहे. माझ्या जुन्या पिकअपचे इंजिन उघडताना हरिदास मिस्त्रीही हेच म्हणाला होता, आणि गाडी अजून अंगणात उघडीच उभी आहे. म्हणून लिहून ठेवलेले बरे.

मी असो वा नसो, महाशिवरात्रीच्या जत्रेला ही गाडी मार्कंड्याला गेली पाहिजे. कारण कलम पाचमध्ये येईल.

१. घर आणि धानाची बांधी पत्नी मैना हिच्या हयातीपर्यंत तिची. त्यानंतर मुलगा निकेश आणि मुलगी रुपाली यांची, निम्मी निम्मी. कोंबड्या ज्याच्या मागे जातील त्याच्या.

२. माझा साळा भूपेश हा ऊर्जानगरला नोकरीला असून सणासुदीला आमच्याकडे येतो. दिवाळीत तलावावरून मासे आणताना गाडी तापली. मी झाडाखाली टेकलो तेवढ्यात त्याने रेडिएटरचे झाकण उघडले आणि माशांच्या पेटीतले बर्फाचे पाणी आत ओतले. वर मलाच ओरडून सांगतो, "भाऊजी, चिंता नोका करू, थंडी करून राह्यलो!" इंजिनावरच्या तापलेल्या हेडवर बर्फाचे पाणी. तडा गेल्याचा आवाज मी झाडाखाली ऐकला. पुढे हरिदासने रेडिएटर साफ केला तेव्हा आतून रोहूचे खवले निघाले. सबब, भूपेशला मी ती बर्फाची पेटी झाकणासह देत आहे. झाकण त्याने बंद ठेवावे.

३. आता हेड. यावरून आमच्या घरात जे झाले ते माझ्या माघारी पुन्हा होऊ नये. हरिदास म्हणाला, जुनेच वेल्डिंग करू. पण ते हेड लेथवर दोनदा घासून झाले आहे. मी आठवण करून दिली तेव्हा त्यानेच मान हलवली. "बराबर हाये दादाजीभाऊ. आता घासलं तं हेड नाई, पापड रायते."

मग निकेश चंद्रपूरच्या भंगारातून एक हेड घेऊन आला. "बाबा, सेम टू सेम हाये!" मी त्यावर हेडखाली बसणारे गॅसकेट ठेवून पाहिले. गॅसकेटला जिथे पाण्याची दोन भोके, तिथे हेडला सपाट लोखंड. ते नंतरच्या मॉडेलचे निघाले. निकेश म्हणतो, "मंग भोकं पाडून घेऊ ना." त्या दिवशी मी जेवलो नाही. ते हेड मी निकेशलाच देत आहे. सध्या ते कोंबड्यांच्या डालीवर वजन म्हणून ठेवले आहे आणि तिथे अगदी चपखल बसते. भूपेशचे मत, गाडीच भंगारात द्यावी. त्याने कलम दोन पुन्हा वाचावे.

निर्णय असा की, नवीनच हेड घ्यावे, आमच्या इंजिनाच्या मॉडेलचे, जुन्या हेडवर कोरलेला नंबर जुळवून. ते रुपालीने निवडलेही आहे. साडीवर ब्लाउजचे कापड जुळवायला नेतात तशी ती गॅसकेट काखेत घेऊन दुकानात गेली आणि दुकानदाराने दाखवलेली तीन हेडे परत ठेवायला लावली. चौथे जुळले, ते तिने राखून ठेवले आहे. आमच्यात मासे वाटताना जाळ्याचा एक हिस्सा निघतो, तसा मी गाडीचाही काढत आलो. हेड त्याच हिश्शातून येईल. गाडी स्वतःच्या कमाईचे खात आहे, कोणी तोंड वाकडे करू नये.

४. गाडी रुपालीची. डोंगा आणि जाळी निकेशची. पाण्यात निकेशला तोड नाही, हे मी त्याला कधी म्हटले नाही, इथे म्हणतो. हरिदासला मोठा पाना द्यायचा होता, परंतु साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील सांगतात. पाना तसाही त्याच्याचकडे आहे.

५. गाडी आली तेव्हापासून मैना दरवर्षी जत्रेला मागे, उलट्या टोपलीवर बसून गेली. पुढे खिडकीजवळ कधी सरपंच, कधी गुरुजी आणि गेली कित्येक वर्षे पाहुणा म्हणून तिचाच भाऊ भूपेश. तिने तक्रार केली नाही. मला मात्र आरशात तिचा धुळीने पांढरा झालेला पदर दिसत असे आणि वाईट वाटत असे. सबब, माझ्या मृत्यूनंतर पुढची खिडकीजवळची सीट मैनाच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात राहील. तिथे दुसरा कोणी बसल्यास ते अतिक्रमण समजावे.

हे कलम मी साक्षीदारांना वाचून दाखवत असताना मैना लाखोळीची भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी मेल्यावर मले सीट देता? मंग बाजूले कोन रायील?"

यावर वकिलाने काही सांगितलेले नाही.

"मले जित्त्या मानसाच्या बाजूले बसून मार्कंड्याले जायचं हाये. भूपेश बसन टोपलीवर."

सबब, कलम पाच खोडले आहे. सदर सीट आज रोजी, मी जिवंत असतानाच, मैनाला दिली असून ती माझ्या मिळकतीत धरू नये. ताबा तिने तात्काळ घेतला आहे. गाडीला अजून हेड नाही, तरी भाजीसकट ती पुढे जाऊन बसली आहे आणि काच खाली होत नाही म्हणून मला शिव्या देत आहे. स्टेअरिंगवर रुपाली आहे.

साक्षीदार: १. हरिदास मिस्त्री (सहीजवळचा डाग ऑइलचा आहे, तो खाडाखोड समजू नये) २. गुलाब भोयर, शेजारी

सही: दादाजी सोमाजी वाघाडे

दिनांक: २५ जानेवारी २०२६

स्थळ: मौजा पिपरटोला, अंगणातील पिकअप, पुढची मधली जागा, गुडघ्यात गिअर